कोरडी पिशवी

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय अनंता मामा,

हे पत्र तू वाचणार नाहीस, ऐकणार आहेस. मी इकडून पाठवलं की तुझ्या खुर्चीला लावलेला फोन ते आपणहून मोठ्यानं वाचून दाखवेल. त्यातल्या बाईचे उच्चार विचित्र आहेत, पण तिच्यावर हसत बसू नकोस. घरात आता तीच तुझी कारकून.

काल रविवारी घाईत सांगितलं ते पुन्हा सांगते. पत्र लिहायचं असेल तर 'लिहून घे' म्हणायचं. तू बोलशील ते अक्षरांत उमटेल. संपलं की 'पाठव' म्हणायचं. 'पाठव' म्हणेपर्यंत फोन ऐकतच राहतो, हे लक्षात ठेव. सकाळी दहा ते बारा ही तुझी लिहायची वेळ. त्या वेळात एकही फोन वाजणार नाही असं मी करून ठेवलंय. काल तीन वेळा कुणी तरी घर विकायला फोन केला आणि तुझं वाक्य तीन वेळा तुटलं. त्या दोन तासांत फक्त माझी पत्रं येतील.

मामा, बंदरात कंटेनरवरून पडून तुझी मान मोडली त्याला चौदा महिने झाले. दंड थोडे हलतात, बोटं हलत नाहीत. हे बदलेल असं खोटं मी सांगणार नाही. पण ऑक्युपेशनल थेरपी शिकताना पहिल्याच वर्षी एक गोष्ट मनात बसली. माणसाच्या हातातलं काम गेलं तर हाताशिवाय ते काम कसं होईल ते शोधायचं. आपल्या घरातली मी पहिली पदवीधर. आईच्या भावासाठी ते शिक्षण कामी आलं नाही तर ते काय भिंतीवर टांगायचं?

पाण्याची बाटली खुर्चीच्या डाव्या बाजूला अडकवलीय. नळी ओठांपर्यंत येते, मान वळवून चोखायची. बाटलीवर मी पाच रेघा मारल्यात. मामी सकाळी भरून ठेवेल, दुपारी दोनपर्यंत बाटली संपली पाहिजे.

परदेशातल्या एका संस्थेच्या संकेतस्थळावर मानेच्या दुखापतीच्या माणसांसाठी फार चांगली माहिती आहे. त्यातली तुझ्या कामाची पानं मी मराठीत करून भिंतीला लावलीत. सात पानं आहेत. काळूरामकाकांना वाचून दाखवायला सांग.

आठवड्यातून एक पत्र हवं. हाच तुझा व्यायाम.

तुझी,
किशोरी


६ नोव्हेंबर २०२५, सकाळी १०.२०

किशोरी पोरी, तुला अनंता मामाचा आशीर्वाद.

हे माझं आयुष्यातलं दुसरं पत्र. पहिलं दहावीत असताना परीक्षेत लिहिलं होतं, शाळेच्या मुख्याध्यापकांना, रजेसाठी. तेव्हा रजा मिळाली नव्हती. आता मिळाली ती संपत नाही.

शेजारचा काळूराम दाराशी जाळं विणत बसलाय आणि मी बोलतो ते ऐकून हसतोय. तू सांगितलंस म्हणून प्रत्येक वाक्य झालं की मी पूर्णविराम म्हणतो. काल भीमीनं, तुझ्या मामीनं, विचारलं, भात वाढू काय, तर मी म्हटलं, वाढ पूर्णविराम. त्यावरून सगळ्या आळीत माझं नाव पूर्णविराम पडलंय.

तुझ्या सात पानांपैकी काळूरामनं चार वाचली. गादीवर कूस बदलायची, चामडी तपासायची, सगळं कळलं.

आता एक मनातलं सांगतो. भीमी चौदा महिने घराबाहेर पडलेली नाही. पनवेलच्या मच्छी बाजारात तिची बसायची जागा वीस वर्षांची. तिच्या शेजारी बसणाऱ्या बायका निरोप पाठवतात, ये गं, तुझी जागा अजून धरून ठेवलीय, पण किती दिवस धरणार. आमचा पोरगा भावेश बोटीवर, आठ आठ दिवस समुद्रात. म्हणून ती माझ्यापाशी. बोलत नाही काही. पण सकाळी टेम्पो निघतो त्याचा आवाज आला की ती हातातलं काम थांबवते. मी बघतो ना. मला मान वळवता येते तेवढी.

काही तरी कर.

अनंता


खांदा कॉलनी
१० नोव्हेंबर २०२५

प्रिय मामा,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि क्लिनिकमधल्या सगळ्यांना दाखवलं. एकही चूक नाही! काळूरामकाकांना सांग, हसणाऱ्यानं आधी स्वतःचं नाव लिहून दाखवावं.

मामीचं मी आईशी बोलले. मामी सकाळी सातच्या टेम्पोनं पनवेलला येईल आणि दुपारी एक-दीडपर्यंत घरी परत. काळूरामकाका दाराशी असतातच. तुला खुर्चीत बसवून, पाणी भरून, पुढ्यात फोन लावून ती निघाली की तुझे तुला सहा तास काढता आले पाहिजेत. हे जमलं तर ते तुझं यश आणि थोडं माझंही.

राहता राहिली लघवीची पिशवी. खुर्चीला मोठी पिशवी लोंबकळलेली तुला आवडत नाही, दारावरून जाणारे बघतात. ते मला पटतं. म्हणून विजारीच्या आत मांडीला बांधायची लहान पिशवी पाठवतेय. ती मात्र तीन-चार तासांत भरते. मध्ये एकदा काळूरामकाकांनी खालची चावी उघडून ती रिकामी करायची. अगदी सोपं आहे, मी उद्या येऊन शिकवीन. लाजू नकोस. ज्यानं तुला लहानपणी खाडीत पोहायला शिकवलं त्याच्यापुढे कसली लाज?

तुझी,
किशोरी


१७ नोव्हेंबर २०२५, सकाळी १०.०५

किशोरी,

भीमी बुधवार ते शनिवार रोज गेली. आजही गेलीय. पहिल्या दिवशी घरी आली तेव्हा तिच्या पदराला बर्फाच्या पाण्याचा वास येत होता. मी तिला म्हटलं, वास येतो गं तुझा. ती म्हणाली, येऊ दे. आणि मग जी बोलायला लागली ती संध्याकाळी दिवा लावेपर्यंत. कुणी सून आणली, कोण मेलं, खांदा कॉलनीतली कुठली बाई चिखलातले जिवंत निवटे मासे बघून किंचाळली. इतकं बोलणं मी लग्नानंतरच्या वर्षी ऐकलं होतं, नंतर आत्ता.

तुझी काळजी मिटवतो. पिशवी रिकामी करायला काळूरामला सांगावं लागत नाही. भीमी येईपर्यंत ती अर्धीसुद्धा होत नाही. माझं शरीर शहाणं झालंय, वेळ ओळखायला लागलंय. बाटली रोज शेवटच्या रेघेवर येते, काळूरामला विचार.

रात्री थोडी थंडी वाजते, दिवस तसे आहेत.

अनंता


खांदा कॉलनी
१९ नोव्हेंबर २०२५

मामा,

मी तुला काय सांगू! तुझं पत्र वाचून मी क्लिनिकच्या जिन्यातच बसले. वरिष्ठ बाई म्हणाल्या, पुढच्या महिन्यात राज्यातल्या थेरपिस्टची ऑनलाइन बैठक आहे, त्यात तुझ्या मामाची गोष्ट मांड. नाव बदलून मांडीन. मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: सहा तास, एकट्यानं.

पिशवी अर्धी होत नाही हे वाचून मला आधी थोडं नवल वाटलं, पण घाम येत असेल, आणि प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं. लघवीचा रंग कसा असतो ते मात्र कळव. चहासारखा असेल तर सांग. थंडीचंही सांग, नुसती थंडी की ताप?

या रविवारी तळोज्याला शिबिर आहे, येता येणार नाही. त्याच्या पुढच्या रविवारी नक्की.

किशोरी


२५ नोव्हेंबर २०२५, सकाळी १०.४१

किशोरी,

रंगाचं विचारलंस. ठीक आहे. सगळं ठीक आहे.

भीमीच्या जागेशेजारची बाई आता तिच्यासाठी घरून डबा आणते. ती तिथे जेवते. मला बरं वाटतं.

आज जास्त लिहीत नाही, डोकं ठणकतंय. सकाळी उन्हात बसलो त्यानं असेल. घामानं गळपट्टी भिजली. पाय मात्र गार आहेत असं काळूराम म्हणतो, मला कुठं कळतंय. बाकी काही नाही. आईला नमस्कार सांग.

अनंता

झालं काय रं पत्र
झालं
तोंड लाल झालंय तुजं अनंता डोलं पन लाल
उनानं रं. काल्या ती बाटली वत
आज पन. कडीपत्त्याला किती घालू रोज रोज तो कुजल आता
कुजू दे. एक रेघ ठेव खाली नायतर भीमीला कलंल
तू काय प्यालास तरी काय सकालपासून
दोन घोट प्यालो ना. जास्त प्यालो की पिशवी भरते मंग तुला सोडायला लागल. तुज्या हातानं नको रं ते मला. आनि बायकांना निरोप जाईल की भीमीचा नवरा भिजला ती पलत यील अर्ध्यातून
बघू पिशवी. अरं ही तर कोरडी ठाक हाय. सकाली भीमीनं बांदली तशीच
बरं झालं. भीमी यीपर्यंत कालजी नाय
डोकं लय दुकतं काय
फुटतं रं. खुर्ची मागं पाड आडवा कर मला जरा
पाडतो. अरं हे पत्र पाटवलं काय तू
नाय पाठवलं. पाठव


२५ नोव्हेंबर, सकाळी १०.५६

काळूरामकाका, हे तुमच्यासाठी आहे. फोनमधली बाई बोलतेय तिचं ऐका. हातातलं सगळं टाका.

मामाला झोपवू नका. खुर्ची आत्ता लगेच सरळ उभी करा. पाठ ताठ. पाय पायरीवरून काढून खाली सोडा.

कमरेचा पट्टा सोडा. मांडीवरचा पट्टा सोडा. विजारीची नाडी सोडा. सदरा उघडा.

पिशवीपासून वर जाणारी नळी हातानं चाचपत जा. कुठे पीळ पडला असेल, मांडीखाली दबली असेल तर मोकळी करा. पोट दाबू नका.

पिशवी कोरडी आहे हे चांगलं नाही. लघवी आत अडकलीय. डोकं त्यानं दुखतंय.

मग 'लिहून घे' म्हणा आणि काय झालं ते बोला. शेवटी 'पाठव' म्हणा.

किशोरी


२५ नोव्हेंबर, सकाळी ११.०१

कुणी आहे का तिथे?

काळूरामकाका, शेजारच्या गुणाबाई, दारावरून जाणारं कुणीही. ज्याच्या कानावर हा आवाज पडतोय त्यानं आत यावं. आत खुर्चीत माझे मामा आहेत. त्यांना आडवं केलं असेल तर उठवून बसवा. आत्ता.

मी फोन करतेय, तो वाजत नाही. बारापर्यंत तो वाजणारच नाही, मीच तसं केलंय. मामी बाजारात आहे, तिचा फोन कनवटीला, गोंगाटात तिला ऐकू येत नाही. काळूरामकाका, तुमचा नंबर मी कधी मागूनच घेतला नाही.

मोठ्यानं 'लिहून घे' म्हणा. काहीही बोला. 'पाठव' म्हणा.


२५ नोव्हेंबर, सकाळी ११.०६

काळूराम बोलतोय. हाय मी हाय. पानी आनायला गेलतो तोंडावर मारायला. फोनातली बाई ओरडली म्हनून पलत आलो. खुर्ची उबी केली. पाय खाली सोडलं. पट्टं सोडलं सगलं. नलीला पील नाय बाय, सरल हाय. पन नलीत पांढरी कनी बसलीय, खाडीची वालू बसावी तशी. थेंब येत नाय. अनंता बोलतो डोल्यांपुढं दिवं दिसतात. हाताच्या कातडीवर काटा आलाय. मरल काय गं हा. गुनाबायनं टेंपो थांबवलाय. आता काय करू. पाठव


२५ नोव्हेंबर, सकाळी ११.०८

टेम्पोत बसवून न्या, काका, झोपवून नाही. पुढच्या सीटवर, मागून दोन्ही काखांत हात घालून धरा. जवळच्या दवाखान्यात. खाली तीन ओळी आहेत त्या बाई वाचेल. गुणाबाईंना पाठ करायला सांगा आणि डॉक्टरांना तशाच्या तशा सांगा.

मानेची दुखापत आहे.
नळी चोंदली आहे, आधी नळी बदला.
रक्तदाब मोजा, तो फार वाढला असेल, याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात.

शेवटचे दोन शब्द जमले नाहीत तर नाही. पहिल्या दोन ओळी पुरेत. फोन बरोबर घ्या. मी बाजारातून मामीला घेऊन रिक्षानं निघतेय.


खांदा कॉलनी
२ डिसेंबर २०२५

प्रिय मामा,

काल तू दवाखान्यातून घरी आलास असं आईनं सांगितलं. मी रविवारी दवाखान्यात येऊन गेले पण तुझ्यापाशी बसले नाही, मामीला भेटून दारातूनच फिरले. तू विचारलंस म्हणे, पोरगी का पळाली. मला तुझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

त्या दिवशी दवाखान्यात नळी बदलली तेव्हा दोन मिनिटांत अर्धा लिटर लघवी आली. एरवी तुझा रक्तदाब नव्वद असतो. तेव्हा वरचा आकडा दोनशे दहा होता. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास आडवे राहिले असते तर मेंदूतली शीर गेली असती. ते माझ्याकडे वळून म्हणाले, बरं झालं तुम्ही यांना शिकवून ठेवलं होतं.

मामा, मी शिकवलं नव्हतं.

त्या संकेतस्थळावरची पानं आठ होती. भिंतीवर सात आहेत. आठवं पान मी वाचलं होतं, भाषांतरही अर्धं केलं होतं. त्यात लिहिलंय की मानेखाली काही दुखलं, अडकलं, फुगलं तर शरीर मेंदूला सांगू शकत नाही, मग ते रक्तदाब चढवून ओरडतं. डोकं ठणकणं, मानेच्या वर घाम आणि लाली, खाली गारठा आणि काटा. ही लक्षणं दिसली की माणसाला ताठ बसवायचं आणि कारण शोधायचं. नाही केलं तर माणूस मरतो. असं स्पष्ट लिहिलंय.

मी ते गाळलं. तू नुकता हसायला लागला होतास. मामी बाहेर पडायला तयार झाली होती. मला वाटलं, हे वाचलं तर ती उंबरठा ओलांडणार नाही. मला माझे सहा तास हवे होते. कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलेले.

आता मला झोप लागली तरी दर तासाला जाग येते आणि मी फोन बघते. क्लिनिकमध्ये कुणाची खुर्ची मागे पाडायच्या आधी मी त्याची नळी दोनदा तपासते. वरिष्ठ बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, चूक लिहून काढ आणि बैठकीत तीच मांड. मांडणार आहे. पण भीती जात नाही.

आठवं पान आईबरोबर पाठवतेय. काळूरामकाकांनी ते मोठ्यानं वाचावं, दोनदा. आणि फोनची बंदी मी काढलीय. घर विकणारे येऊ देत.

मला रागावशील तर पत्रातून रागव.

किशोरी


६ डिसेंबर २०२५, सकाळी १०.१५

किशोरी,

रागावलो होतो. पान काळूरामनं वाचलं तेव्हा रागावलो. मला वाटलं, पोरीनं मला पाळण्यातलं बाळ समजलं. मग आठवलं, बाटली मी ओतत होतो. तुला मी अर्धं वाक्यही खरं लिहिलं नव्हतं. तेव्हा तो राग ठेवायला माझ्याकडे जागा नाही.

मरणाची मला भीती नव्हती असं वाटायचं. त्या दिवशी खुर्ची मागं पडली आणि डोळ्यांपुढचं छत पांढरं होत गेलं तेव्हा कळलं, किती भीती आहे. काळूरामला मी काय काय म्हणालो ते तो सांगत नाही. त्यानं आता आपणहून पिशवी सोडायचं काम घेतलंय. म्हणतो, तुझी लाज मी खाडीत फेकून आलोय.

एक मागणं आहे. भीमीला पाण्याचं सांगू नकोस. नळीत खडे झाले, एवढंच तिला माहीत आहे. मी तहानलेला का राहिलो ते तिला कळलं तर ती पुन्हा कधी टेम्पोत चढणार नाही. दहा दिवस झाले, ती घरीच आहे. ती दाराकडे पाठ करून बसते.

आज ती गुणाबाईकडे गेलीय म्हणून लिहितोय.

अनंता


खांदा कॉलनी
७ डिसेंबर २०२५

मामा,

मी सांगणार नाही. पण लपवणारही नाही. तिनं विचारलं तर खरं सांगेन. मी एक पान लपवलं, तू एक बाटली लपवलीस, त्यातून काय झालं ते आपण दोघांनी पाहिलं.

हे पत्र तुझ्या घरात मोठ्यानं वाचलं जाणार आहे, हे ठाऊक असूनही मी ते लिहितेय. तेव्हा घरात कोण असेल ते मला माहीत नाही. मला भीती वाटतेय, पण पाठवते.

किशोरी


९ डिसेंबर २०२५, सकाळी १०.३०

किशोरी बाय, मी भीमा मामी बोलते. लिहून घे बोलले तर ही बाई लगेच ऐकायला लागली. रोज बघून शिकले मी.

तुजं परवाचं पत्र मी ऐकलं. चुलीपाशी व्हते. तुज्या मामानं डोलं मिटून घेतलं आनि निजल्याचं सोंग केलं. दोन दिस झालं, सोंगच चाललंय. मी पन चालू दिलं.

तुला वाटतं, मला कलायला पायजे. त्याला वाटतं, मला कलू नये. तुमी दोघं शिकलेली मानसं, एक दहावी न एक कालेजची. बाय, मला कवाच कललं व्हतं.

दुसऱ्याच आठवड्यात कललं. दारातल्या कडीपत्त्याच्या बुडाशी चिखल. पाऊस नाय, काय नाय, आनि पायाला चिखल लागतो. पिवली पानं पडाय लागली. मी पिशवी सोडायची तवा तलाशी एवडंसं, आनि रंग असा की चहा बरा. चौदा महिनं मी त्याचं सगलं केलं, मला कलनार नाय व्हय?

मला कललं आनि मी गप रायले.

हे सांगायचंय मला. दुसऱ्या दिशी मी परत टेम्पोत चढले. वाटेत बोलत व्हते मनाशी, उद्या बोलू त्याला, आज जाऊ दे. बाजारात गेले, पाट मांडला, चिंबोऱ्यांच्या नांग्या बांदल्या, बाजूची बोलली, भीमे, जरा सरक गं, मला दिसत नाय. वीस वरसं ती तेच बोलते. मला रडू आलं. कुनी तरी मला सरक बोललं म्हनून. घरात मी कुनाला आडवी येते? घरात मी भिंत हाय, खुर्ची हाय.

मग रोजच बोलले, उद्या सांगू. आठ दिस उद्या उद्या केलं. आनि तू रिक्षातून उतरून गर्दीतून धावत आलीस, तुजं तोंड बघितलं, तवा तू काय बोलायच्या आदीच मला माईत व्हतं. मी तुला विचारलं पन नाय काय झालं. आटवतं? तू बोललीस, मामी चल, आनि मी चपला पन घातल्या नाय. तुला वाटलं, घाबरून. मला पाप कललं व्हतं बाय.

आता मी घरी बसलेय ती त्याच्यासाटी नाय. मला माजीच भीती वाटते. टेम्पोचा आवाज आला की अजून हात थांबतो माजा. अजून पाय तिकडंच जातात. त्या दिशीचं सगलं बघून पन. असं कसं मानूस असतं?

तू हे वाचशील तवा मला काय लिव नको. तुला सांगायचं म्हनून नाय सांगत मी. ह्या फोनात सगलं मोट्यानंच बोलावं लागतं ना, मनातल्या मनात चालत नाय. तुजा मामा हितंच हाय, चार हातांवर. डोलं मिटलेत. पन मला माईत हाय तो जागा हाय, त्याचा सास मी चौदा महिनं मोजलाय. त्यानं सगलं ऐकलंय.

आता तो डोलं उगडून काय बोलतो त्याची भीती वाटते. पन ऐकायचं हाय मला. हे बंद करते आता.

पाठव